जिभेखालचा खडा

"बाबा, आज तरी तोंड इकडे करून जेवा," सून म्हणाली.

बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि ताट घेऊन ते खिडकीशी बसले, सगळ्यांकडे पाठ करून. दोन महिने हेच चाललं होतं. इस्पितळाच्या धुलाईघरात तीस वर्षं बॉयलर सांभाळणारा हा माणूस. सून घरात येऊन जेमतेम तीन महिने झालेले. "बाबांना आंबट आवडतं," असं नवऱ्याने सांगितल्यापासून ती भाजीवर सढळ हाताने लिंबू पिळायची. पण जितकं लिंबू जास्त, तितकी बाबांची पाठ ताठ.

"माझ्या हाताला चव नाही, असं एकदाच सांगून टाका ना!" ती त्यांच्या मागे येऊन उभी राहिली. "उद्यापासून मी ओट्याला हात लावणार नाही."

तेवढ्यात खिडकीच्या काचेत तिला त्यांचं तोंड दिसलं. उजव्या जबड्याखाली लिंबाएवढी गाठ टरारून आली होती.

"अगं बाई, हे काय?"

"काही नाही गं. पहिला घास घेतला की फुगतं, तासाभराने बसतं. म्हटलं, तुमच्या जेवणात कशाला हे ध्यान!"

"आणि भाजी?"

"झकास असते. म्हणून तर दुखत असूनही ताट पुसून खातो."

ती हसली की रडली, तिचं तिलाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने त्यांना जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी जिभेखाली बोट फिरवलं. "काका, लाळेच्या नळीत खडा आहे. जबड्याखालच्या ग्रंथीची लाळ दाट असते, तिच्यात कॅल्शियम जास्त. नळीही लांब आणि वर चढणारी. वाटेत एखादा चिकट कण अडकतो, त्याच्यावर क्षारांचे थर बसत जातात. जेवताना लाळ सुटते, आंबटाने तर जास्तच, आणि पुढे वाट बंद. मग गाठ फुगते."

बाबा खुर्चीत सरसावून बसले. "म्हणजे पाइपात खपली धरली! हा तर माझ्या बॉयलरचा रोग."

"पाणी किती पिता?"

"कामावर असताना नाहीच," बाबांनी कबूल केलं. बॉयलरमधलं पाणी दाखवणाऱ्या काचनळीवर एक लाल रेघ असते. पाणी तिच्याखाली गेलं की धोका. त्या रेघेवरून नजर हलू नये, मध्येच उठावं लागू नये, म्हणून ते कामावर पाण्याचा घोटही घेत नसत.

"बॉयलरला तीस वर्षं तहान लागू दिली नाही," सून म्हणाली, "आणि स्वतः कोरडे ठणठणीत!"

"एवढ्यानेच खडा होतो असं नाही," डॉक्टरीणबाई हसल्या, "पण पाणी कमी, तर लाळ आणखी दाट."

जागा बधिर करून त्यांनी बारीकशी चीर दिली. तांदळाच्या दाण्याएवढा पिवळट खडा टुणकन बाहेर आला.

"फेकू नका!" बाबा बधिर जिभेने बोबडं ओरडले.

बॉयलरमधली क्षारांची खपली घासून तिचे थर वाचल्याशिवाय टाकायची नाही, हा त्यांचा नेम. घरी त्यांनी खडा पॉलिशपेपरवर हलक्या हाताने अर्धा घासला आणि भिंग सुनेच्या हातात दिलं.

"मधला तपकिरी ठिपका दिसला? तो पहिला कण. भोवती बघ, कांद्यासारखे पापुद्रे. एक पांढरा, एक पिवळा. किती आहेत?"

"मोजताच येत नाहीत, बाबा."

"हे तीन महिन्यांचं काम नव्हे, पोरी. तू घरात यायच्या कितीतरी आधी हा बसलेला होता. तुझ्या लिंबाचा काही गुन्हा नाही."

तिने भिंग बराच वेळ खाली ठेवलं नाही. मग हळूच विचारलं, "म्हणजे लिंबू पिळू?"

"पीळ की! आंबटाने लाळ वाहती राहते, असं डॉक्टरीणबाईच म्हणाल्या."

जखम भरली त्या दिवशी बाबा सगळ्यांच्या समोर जेवले. भाजीचा रस हनुवटीवरून ओघळला, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

सोमवारी बाबा कामावर निघताना सुनेने त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली. तिच्यावर नेलपॉलिशने लाल रेघ ओढलेली होती.

"दुपारपर्यंत पाणी ह्या रेघेच्या खाली गेलेलं पाहिजे."

बाबांनी ती बाटली बॉयलरच्या काचनळीशेजारच्या फळीवर ठेवली. एक रेघ पाहिली, मग दुसरी. आणि झाकण उघडून मोठा घोट घेतला.