कोऱ्या पानाचे तीन जीबी

सुनावणीच्या खोलीत त्या टंकलेखिकेला सगळे ‘एक्स्प्रेस’ म्हणत. साक्षीदाराच्या तोंडून शब्द निघायचा अवकाश, की तो कागदावर जाण्याजोगा तयार. बावीस वर्षांत तिने पडद्याकडे क्वचितच पाहिलं. ती बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघायची. टाइप करायचा तिचा जुना प्रोग्राम, म्हणजे एडिटर, दिसायला कळाहीन, पण जेमतेम पाच एमबी मेमरी घ्यायचा आणि गुमान राबायचा.

मग संगणक विभागाच्या साहेबांनी नवा एडिटर आणला. साहेब म्हणजे तिचा सख्खा धाकटा दीर. लग्न होऊन घरात आली तेव्हा तिनेच त्याला टाइप करायला शिकवलं होतं. नव्या एडिटरला नुसतं कोरं पान उघडायला तीन जीबी लागत, आणि तिच्या संगणकात होते अवघे चार. ती टाइप करून मोकळी व्हायची. अक्षरं मागून, धापा टाकत, घोळक्याने यायची.

“भाऊजी, हे मेलं शब्द गिळतंय,” तिने दोनदा सांगितलं.

“होईल सवय, वहिनी.”

सवय झाली नाही, घात झाला. गोदामाच्या रखवालदाराने साक्ष दिली, ‘दार मी उघडं ठेवलं नाही.’ नेमका तेव्हाच पडदा गोठला आणि ‘नाही’ गडप झालं. दुसऱ्या दिवशी जबानी वाचून दाखवली तेव्हा तो बिचारा ओरडतच उठला. हजर असलेल्यांनी त्याला दुजोरा दिला, चूक सुधारली. पण खापर फोडायला कुणाचं तरी डोकं हवंच होतं. एक्स्प्रेसला खुर्चीवर ठेवायचं की तळघरात फायली लावायला पाठवायचं, हे आता संगणक विभागाच्या अहवालावर ठरणार होतं.

ती दिराच्या खोलीत गेली. “भाऊजी, खरं तेवढं लिहा.”

“दोनशे संगणकांवर मीच बसवलाय तो. तो शब्द खातो असं लिहिलं तर माझी नोकरी जाईल. तुमचं काय, फक्त टेबल बदलेल.”

फक्त टेबल! तिला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. ती टेबलाला वळसा घालून त्याच्या मागे उभी राहिली. पडद्यावर वाक्य होतं, ‘टंकलेखिकेचा हात वयोमानाने चालत नाही.’ आणि ते वाक्य होतं तिच्याच जुन्या, कळाहीन एडिटरमध्ये.

“हा तर माझा!”

“नव्यात फार वेळ जातो हो,” तो मान वर न करता म्हणाला. “अहवाल आजच द्यायचाय.”

तिने ते वाक्य पुन्हा वाचलं. त्यातलं ‘नाही’ जागच्या जागी होतं.