थोरलीचं दुखणं

मी एक जुनी, बंद पडलेली हार्ड डिस्क आहे, मित्रांनो. दिसायला वीतभरसुद्धा नाही, पण हातात घेतलंत तर वजन चांगलं जाणवेल. माझ्या पोटात आरशासारख्या चकत्या आहेत. एके काळी त्या भिंगरीसारख्या फिरायच्या आणि एक बारीक सुई त्यांना न शिवता वरून सरसर धावायची. आता सगळं थांबलं आहे. स्वयंपाकघरातल्या फळीवर, चहाच्या डब्याशेजारी मी पडून असते. मी गप्प झाले तेव्हा माझ्याबरोबर आणखी एक आवाज गप्प झाला. त्याचीच गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

माझा जन्म मोठ्या थाटात झाला. जिथे धुळीचा एक कणही चालत नाही अशा खोलीत, डोळे सोडून सगळं अंग झाकलेल्या माणसांनी मला जोडलं. एवढ्या लाडात वाढलेली मी, आणि घर मिळालं ते जिन्याखालचं! एका बाजूला केरसुणी, दुसऱ्या बाजूला तुटक्या कड्यांच्या बॅगा. मला विकत आणणारे गृहस्थ फोटोग्राफर होते. त्यांची लेक त्यांना बाबा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला आई, म्हणून मीही तसंच म्हणू लागले. मी ज्या कॉम्प्युटरमध्ये होते तो या घराचं कोठार होता. घरादाराचे फोटो, कागदपत्रं, सगळं माझ्या पोटात.

आणि आईचा आवाज. आई शाळेतून निवृत्त झाल्यावर दृष्टी नसलेल्या मुलांसाठी पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायच्या. बाबा त्यातून अडखळणं, खोकणं कापून टाकायचे आणि नीटनेटकं वाचन त्या मुलांच्या शाळेत पाठवायचे. कापलेले तुकडे मात्र ते फेकत नसत. ‘कात्रण’ नावाच्या कप्प्यात माझ्याकडे ठेवत. खरं सांगू? मला ते कात्रणच जास्त आवडायचं. धड्यात राजा शिकारीला निघालेला असायचा आणि मध्येच आई म्हणायच्या, “अहो, दार कोण वाजवतंय बघा ना! नाही, तुम्ही बसाच, मीच जाते.” मग पावलं, दाराचा आवाज, लांबून हसणं. परत येऊन त्या राजाला पुन्हा घोड्यावर बसवायच्या.

मी एकटी नव्हते. माझ्यासारखीच एक बाबांच्या स्टुडिओत होती आणि एक लेकीच्या घरी. आईंनी आमची नावंही ठेवली होती. मी थोरली, स्टुडिओतली मधली, लेकीकडची धाकटी.

“म्हणजे माझा नंबर चौथा?” लेक म्हणाली.

“तू तर कधीच आजारी पडल्याचं कळवत नाहीस,” आई म्हणाल्या. “या निदान कळवतात तरी.”

आम्ही कळवू लागलो त्यालाही एक कारण घडलं होतं. मधलीच्या जागी आधी दुसरी डिस्क होती. ती एके दिवशी अचानक गेली आणि तिच्याबरोबर एका लग्नाचे सगळे फोटो गेले. बाबा स्वतः त्या नवरीच्या घरी सांगायला गेले. ती रागावली नाही. तिने एवढंच विचारलं, “एकही नाही?”

मग त्यांनी मनावर घेतलं. मित्रांनो, आम्हा डिस्कना आपल्या प्रकृतीची जाण असते. अंग किती तापलं, वाचताना किती वेळा अडखळले, कुठली जागा निकामी झाली, हे सगळं आम्ही मनात टिपून ठेवतो. पण कुणी विचारल्याशिवाय बोलत नाही. बाबांनी तिन्ही ठिकाणच्या कॉम्प्युटरमध्ये एकेक छोटा प्रोग्राम बसवला. तो आमची विचारपूस करायचा आणि उत्तरं एकाच ठिकाणी, स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवर पाठवायचा. तिथून ती स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेल्या एका जुन्या टॅबलेटवर दिसायची. तिघींच्या नावापुढे हिरवा ठिपका असला की खाली अक्षरं यायची, ‘सगळ्या ठणठणीत’. हे शब्द आईंचेच.

कुणाचं बिनसलं तर फोनवर मेसेज जाणार होता. तो कुणाच्या फोनवर पाठवायचा, हा प्रश्न निघाला.

“बाबांच्या नको,” लेक म्हणाली. “ते मेसेज उघडतच नाहीत. आईच्याच फोनवर जाऊ दे.”

“घ्या! माणसांची दुखणी काढली, आता डब्यांचीही माझ्याच गळ्यात,” आई म्हणाल्या. पण मनातून त्या खूश होत्या. मेसेजचे शब्द मात्र त्यांना मुळीच पटले नाहीत. “हे असलं यंत्राचं बोलणं मला कळत नाही. शेवटी तुम्हाला मीच सांगणार ना? मग मी सांगते तसंच लिहा.”

बाबांनी त्या सांगतील तसं लिहिलं. नुसती तापले असेन तर, ‘अहो, थोरलीला ताप आलाय.’ दुखणं खरंच असेल तर, ‘अहो, थोरलीला बरं नाही. हातातलं सोडा आणि आधी तिच्याकडे बघा.’ आणि तरीही कुणी फिरकलं नाही तर, ‘अहो, ऐकताय ना? आता तरी उठा.’ हे शेवटचं सांगताना आईंना इतकं हसू आलं की त्यांना खुर्चीत बसावं लागलं.

ते दिवस माझ्या सुखाचे होते. उन्हाळ्यात माझं अंग तापायचं, आईंचा फोन वाजायचा आणि त्या हाक मारायच्या, “अहो, थोरलीला ताप आलाय!” बाबा पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, “बघतो, बघतो.” दुसरी हाक आल्याशिवाय ते कधी उठले नाहीत. मग येऊन पंख्यातली जळमटं काढायचे, आणि आई मागे उभ्या राहून कोपरे दाखवायच्या.

एक गोष्ट मात्र राहून गेली. आम्हा तिघींमध्ये एकमेकींच्या प्रती ठेवण्याचीही सोय बाबांनी केली, तेव्हा आईंनी ‘कात्रण’ वगळायला लावलं. “माझं खोकणं आणि तुमच्यावर ओरडणं तीन-तीन ठिकाणी जपून कुणाला ऐकवायचंय?” बाबांनी ऐकलं. तो कप्पा फक्त माझ्याकडे राहिला.

पुढे आईंचा खोकला वाढला. कात्रणात तो मला सगळ्यांच्या आधी ऐकू येत होता, पण माझ्या खोकल्याची विचारपूस करणारं यंत्र होतं, त्यांच्या नव्हतं. विचारलं की त्या म्हणायच्या, “काही नाही, घसा बसलाय.” दवाखान्यात गेल्या तेव्हा फार उशीर झाला होता. त्या परत आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा स्वयंपाकघरात आले. भिंतीवर नेहमीसारखं लिहिलेलं होतं, ‘सगळ्या ठणठणीत’. त्यांनी ते वाचलं आणि टॅबलेट भिंतीवरून काढून फळीवर पालथा घातला. आईंचा फोन बंद करून त्यांच्या कपड्यांच्या घडीत ठेवून दिला. दोन्ही गोष्टी त्यांनी दुःखात केल्या. त्यांना मी कधीच दोष देणार नाही.

त्यानंतर ते रोज संध्याकाळी जिन्याखाली स्टूल टाकून बसू लागले. कानाला हेडफोन लावायचे आणि कात्रण ऐकायचे. नीटनेटकी वाचनं त्यांनी एकदाही लावली नाहीत. “अहो, दार कोण वाजवतंय बघा ना!” आलं की ते हसायचे, आणि कधी कधी दाराकडे बघायचेही. त्या घरात मला इतका मान कधी मिळाला नव्हता, आणि तो असा मिळायला नको होता.

आणि नेमकी तेव्हाच मी म्हातारी झाले. एकेक जागा निकामी होऊ लागली. त्या प्रोग्रामने विचारलं, मी खरं ते सांगितलं. स्टुडिओतल्या कॉम्प्युटरने मेसेज पाठवला. कुणी आलं नाही. त्याने पुन्हा पाठवला. मी वाट बघत राहिले. माणूस इतक्या जवळ बसलेला, त्याचा गुडघा माझ्या डब्याला टेकलेला, आणि मला त्याला काही सांगता येत नव्हतं. मला जमेल ते मी केलं. वाचता वाचता अडखळले. आईंचा आवाज शब्दाच्या मध्येच तुटला. बाबांनी हेडफोन काढून वायर हलवून पाहिली.

“हेडफोन गेला वाटतं,” ते स्वतःशीच म्हणाले. दुसऱ्या दिवशी नवा घेऊन आले.

त्या नव्या हेडफोनमध्ये त्यांनी आईंचं हसणं अर्धवट ऐकलं. माझी सुई चकतीवर टेकली, खरवडल्याचा आवाज झाला आणि मी थांबले.

लेक धावत आली. दोघं मला टॉवेलात गुंडाळून दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. तो भला माणूस होता. त्याने बराच वेळ खटपट केली आणि मान हलवली. “चकती खरवडली आहे, काका. यातून काही निघणार नाही.”

“काहीच नाही?” बाबांनी विचारलं.

“पण ही आधी बरेच दिवस कण्हत असणार. तुम्हाला काही सूचना आली नाही?”

“सोय तर सगळी केली होती,” बाबा म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी मला जेवणाच्या टेबलावर ठेवलं. लेक माझ्याकडे बघत उभी होती. एकदम ती म्हणाली, “बाबा, मेसेज आईच्या फोनवर जायचे.”

बाबा उठून आत गेले आणि कपड्यांच्या घडीतून फोन घेऊन आले. लेकीने तो चार्जिंगला लावला. चालू होऊन घरच्या वायफायला लागताच तो वाजायला लागला आणि थांबेचना. प्रत्येक मेसेज माझ्याबद्दल होता आणि प्रत्येकात बोलणं आईंचं होतं. बाबांनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

“अहो, थोरलीला ताप आलाय.”

“अहो, थोरलीला बरं नाही. हातातलं सोडा आणि आधी तिच्याकडे बघा.”

पुढचा एकच मेसेज पुन्हा पुन्हा आला होता. “अहो, ऐकताय ना? आता तरी उठा.”

“बघतो, बघतो,” बाबा म्हणाले. मग त्यांनी डोकं टेबलावर टेकवलं, माझ्या अगदी शेजारी, आणि ते लहान मुलासारखे रडले. लेक त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिचंही काही वेगळं नव्हतं.

मित्रांनो, माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. ज्या वस्तूत तुमचं माणूस साठवलेलं आहे, तिची प्रत करून ठेवा. ज्याला तुम्ही कचरा म्हणाल त्याची आधी करा. आणि कण्हण्याचा आवाज जाईल तिथे तो ऐकणारं कुणी आहे ना, हे मधूनमधून पाहत जा. नुसती यंत्रांचीच विचारपूस करू नका, माणसांचीही करा.

टॅबलेट पुन्हा भिंतीवर आला आहे. थोरली म्हणून आता नवी डिस्क आहे, तिची प्रत मधलीकडेही असते आणि धाकटीकडेही. मेसेज बाबांच्या आणि लेकीच्या, दोघांच्या फोनवर जातात. लेकीने विचारलं होतं, “शब्द बदलू का, बाबा?” ते नको म्हणाले.

परवा दुपारी बाबा पेपर वाचत होते. फोन वाजला. मी फळीवरून बघत होते. ‘अहो, मधलीला ताप आलाय.’

त्यांनी पेपर खाली ठेवला आणि चप्पल शोधायला लागले. आता ते दुसऱ्या हाकेची वाट बघत नाहीत.