साध्या दगडाचा भाव

दगडवाला आला तेव्हा मी ह्यांची कूस बदलत होते. वर्कशॉपच्या पत्र्यातून पडलेल्या त्या काळ्या दगडानं ह्यांचा कणा मोडला, तेव्हापासून कमरेखालचं अंग मेल्यासारखंच. वाकून वेल्डिंग करत होते, वर बघायलाही सवड मिळाली नाही. शेजारीपाजारी म्हणाले, आकाशातून घरात पडलं म्हणजे नशीबच की! आग लागो त्या नशिबाला.

दगडवाला असलेच दगड विकत घेणारा. त्यानं दगड खिडकीपाशी नेला, चुंबक धरलं, एक कोपरा कानशीनं घासला आणि भिंगातून न्याहाळत बसला. माझा जीव टांगणीला. ऑपरेशनचा आकडा डॉक्टरांनी सांगितला होता आणि घरात विकण्यासारखं एवढंच उरलं होतं.

"उल्काच आहे," तो म्हणाला, "पण साधी. चंद्रावरची किंवा मंगळावरची असती तर सोन्यापेक्षा महाग. लोखंडात काचेसारखे पिवळे खडे अडकलेली असती, तर चकत्या कापून विकल्या असत्या. नुसत्या लोखंडाचीही बरी किंमत येते. ही दगडी. सगळ्यात जास्त हीच पडते."

"म्हणजे आमच्या वाट्याला आकाशातलासुद्धा स्वस्तातलाच माल!"

तो हसला नाही. "वहिनी, माणसाला लागलेल्या दगडाचा भाव वेगळा. हौशी लोक त्याचेच पैसे मोजतात. भोक पडलेला पत्राही घेईन. दादांनी फक्त कॅमेऱ्यासमोर सांगायचं, हा मला लागला." त्यानं आकडा सांगितला. ऑपरेशन होऊन थोडे हातात उरणार होते. मला रडूच फुटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटत होतं.

"आणि माणूस मेला असता तर?" पलंगावरून ह्यांनी विचारलं.

"अहो, काहीतरीच काय बोलताय!" मी ओरडले. पण दगडवाला पडला धंद्याचा माणूस, विचारलं की उत्तर देणारा.

"तसा पक्का पुरावा असलेला दगड माझ्या हातून कधी गेला नाही," तो म्हणाला. "गेला, तर मागाल ती किंमत."

 हे अगदी गिऱ्हाइकाशी बोलावं तसे बोलले, "ऑपरेशननंतर चालेन याची खात्री डॉक्टरच देत नाहीत. पोरीचं शिक्षण राहिलंय. तुम्ही थोडे दिवस थांबाल का?"

दगडवाला खाली बघायला लागला. कॅमेरा त्याच्या हातातच होता.

"बोला ना हो," मी ह्यांना म्हटलं. "हा मला लागला, एवढंच तर म्हणायचंय." ह्यांनी तोंड घट्ट मिटलं. दुपारची गोळी पुढे केली, तर मान फिरवली. सकाळचं दूधही तसंच होतं. मगाशी मला वाटलं होतं, भूक नसेल. आता कळलं.

मी दगडवाल्याकडे वळले. "साध्या दगडाचा भाव सांगा."

"वहिनी, घाई करू नका. दादा आज ना उद्या बोलतील."

"सांगा म्हणते ना!"

त्यानं दगड तागडीत टाकला. जेमतेम काही महिन्यांच्या औषधांचे पैसे होत होते. त्याच्या पावतीवर मी माझ्या हातानं लिहिलं, दगड अंगणात सापडला, कोणालाही लागलेला नाही.

"मग दादांना काय झालं म्हणायचं?"

"शिडीवरून पडले. चला, निघा आता."

तो दगड पिशवीत घालून गेला. मी दार लावलं, पाण्याचा पेला भरला आणि पलंगाशी आले. "घ्या गोळी. आता मरून काही मिळायचं नाही."

ह्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "एवढं एकच माझ्या हातून होण्यासारखं उरलं होतं गं. तेही विकून टाकलंस."

पुढे केलेली गोळी ह्यांनी घेतली नाही. मी जबडा धरून ती आत ढकलली आणि गिळेपर्यंत हात काढला नाही.