खोलातला मासा

आधीच सांगते, मधी कुनी टोकलं की माझं डोकं फिरतं. आसरांच्या डोहाचं जे झालं त्ये मी केलं. पुन्याच्या मॅडमनं न्हाई, वीजघरवाल्यांनी न्हाई, आमच्या मालकानं तर मुळीच न्हाई. त्यांना माझ्याम्होरं तोंड उघडायला मिळतंय कवा!

भीमेच्या अल्याड आमचा दौंड तालुका, पल्याड शिरूर. मधी बंधारा, आन् बंधाऱ्याच्या वरल्या अंगाला चाळीस फूट खोल डोह. त्यातलं मासं आसरांची, म्हंजी पान्यातल्या देवींची लेकरं. गावातली मानसं दौंडच्या बाजारातनं मासं आनून रस्सा भुरकतील, पन डोहातल्या माशाला बोट लावनार न्हाईत. त्या पान्यात हात घालायचा मान आमच्या घराचा. सासऱ्यांनी मेंढरं इकली, बागायत केली, पन हा मान सोडला न्हाई. सासूबाईंच्या माघारी मीच राखनदारीन.

गेल्या साली बंधाऱ्यावर बारकं वीजघर बांधायला काढलं. डोहाच्या तळातनं पाइप घालायचा, पानी चाकावर सोडायचं आन् खाली नदीत काढायचं. चाक फिरवायच्या आधी मासं तपासायला गौतमी मॅडम आल्या. पोरीच्या वयाची बाई, पन बोलनं सरळ. देवळात समदी मानसं जमवून त्यांनी सांगितलं, "माशाच्या पोटात हवेचा फुगा असतो. खोलात पाण्याचा दाब जास्त, तिथं तो फुगा त्या दाबाला सरावलेला असतो. चाकातून जाताना डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात दाब सुटतो. मग फुगा आतल्या आत फुटतो. मासा कापला जात नाही, फुटतो. तपासणीत बरेच मासे मेले, तर पाइपचं तोंड वर घ्यावं लागेल, जाळी बसवावी लागेल. तोपर्यंत चाक फिरणार नाही."

इथवर मी मान डोलावली. मग म्हनल्या, "त्यासाठी डोहातले तीस मासे लागतील. खोलातलेच."

आत्ता गं बया! मी उभीच ऱ्हायले. "तीस? आन् त्यांचं काय करनार?"

"यंत्रात घालून दाब द्यायचा आणि एकदम सोडायचा. बरेच मरतील, मावशी. खोटं नाही सांगत."

मी लई बोलले. काय काय बोलले त्ये इथं सांगत न्हाई. सरपंच बापूसाहेब मला गप करत म्हनलं, "सरकारी काम हाय बानूबाई, द्यावं लागंल." डोहात हात घालायचा मान माझा, म्हंजी मासं बी मीच काढून द्यायचं. माझ्याच हातनं माझीच लेकरं! घरी आले तवा अंगाचा नुसता जाळ झाला व्हता.

चूल पेटवता पेटवता माझ्या डोक्यात आलं. खुटबावला शंकररावाचं शेततळं हाय. डोहात रोहू आन् मृगळ, तिथं बी रोहू आन् मृगळ. तेवढंच लांब, तसंच चकचकीत. मालकांना म्हनलं, तिथलं तीस आना. ते घुटमळलं. "अगं, ती बाई खोलातलं मागती. तिला सांगून तरी टाकू."

"मासा त्यो मासा," म्हनलं मी. "ह्यो जगला तर त्यो बी जगंल. मेला तर काम थांबंल. दोन्ही बाजूनं आपलंच भलं हाय. तुम्ही जावा."

एवढी अक्कल मी पाजळली.

तपासनीच्या दिवशी उजाडायच्या आत शेततळ्यातलं मासं जाळीच्या पिंजऱ्यात घालून आमी डोहाच्या कडंला लव्हाळ्यात बुडवून ठिवलं. परकं मानूस डोहाच्या काठाला येत न्हाई, त्यामुळं मॅडम वर लिंबाखाली यंत्रापाशी, बघायला जमलेलं गाव बी तिथंच. जाडजूड लोखंडी नळकांडं, त्याला काचेची खिडकी आन् दाबाचा काटा. मी जाळं टाकल्यागत करायची, पिंजऱ्यातला मासा बादलीत घालायची, मालक पळत वर न्यायचं.

चार-पाच मासं झालं आन् मॅडम लिंबाखालनंच म्हनल्या, "मावशी, चाळीस फूट खोलातून आले आणि एकाचंही पोट फुगलं नाही?"

मी पिंजऱ्यावर लव्हाळं वढलं. पन तोंड माझं! "आमचं मासं दनकट हायती."

"डोहातलेच ना?"

मी पान्यात हात घातला, समद्या गावाम्होरं. "आसरांची आन."

मालकांनी माझ्याकडं बघितलं आन् मान खाली घातली. तिसातलं दोन मेलं. मॅडम दोनदा तिनदा काटा तपासत ऱ्हायल्या, पन गावानं मान दिलेली बाई आन घेऊन सांगती म्हनल्यावर काय करतील? त्यांनी लिहून घेतलं. मी जितले म्हनून त्या आठवड्यात केडगावला जाऊन पावशेर जिलबी खाल्ली.

अहवाल आला: माशांना धोका न्हाई. जाळी नको, पाइपचं तोंड तळातच ऱ्हाऊ द्या. चाक सोमवारी फिरनार.

त्याआधीच्या बुधवारी पानबुडे कामगार पाइपच्या तोंडातला गाळ काढायला उतरलं. गावाचा इरोध व्हता, पन कागद त्यांच्या हातात. त्यांच्या दोराच्या जाळीत एक मृगळ गुतला. भराभरा वर आला. मी काठालाच व्हते.

पोट नगाऱ्यागत टम्म. डोळं खोबनीच्या भाईर. तोंडातनं आतडं लोंबतंय. मी त्याला मांडीवर घेतला, तवर जीव व्हता.

"हमने कुछ नहीं किया अम्मा, बस ऊपर लाया," त्यो कामगार घाबरून म्हनत व्हता.

खरंच व्हतं त्याचं. कुनी मारला न्हाई, नुसता वर आनला. आन् मला देवळातलं मॅडमचं शब्द न् शब्द आठवलं. शेततळं पुरुषभर खोल. त्या माशांना दाब ठावंच न्हाई, त्ये कशाला फुटत्यात? फुटनार हे. समदं. सोमवारपासनं, रोज, पाइपच्या आत, कुनाला दिसनार बी न्हाई.

मी तिथंच बसून ओरडून रडले. मग मॅडमला फोन लावला आन् समदं सांगितलं. मला वाटलं, शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"चुकीचा अहवाल माझ्या सहीनं गेलाय," त्या म्हनल्या. "नुसत्या तुमच्या सांगण्यावर चाक थांबणार नाही, मावशी. तपासणी पुन्हा करावी लागेल, रविवारच्या आत. परत तीस. खरे."

शुक्रवारी सकाळी यंत्र पुन्यांदा लिंबाखाली आलं. गाव जमलं. मी समद्यांम्होरं सांगितलं, मासं शेततळ्यातलं व्हतं, आन खोटी व्हती. बापूसाहेब एवढंच म्हनलं, "बानूबाई, तुमी?" शेजारची सविता, जिची दोन बाळतपनं मी केली, ती पदर आवरून मागं सरली. माझी सावली नको झाली तिला.

"दुसरं कुनी जाळं टाकील," बापूसाहेब म्हनलं.

"कुनी हात लावायचा न्हाई!" मी खेकसले. "मरायचं तर माझ्या हातनं मरतील. परक्याच्या हातनं न्हाई."

तळापतूर जाळं सोडलं. मृगळ लागला, जड. वर येता येताच पोट फुगायला लागलेलं. मालकांनी पळत वर नेला, मॅडमनं नळकांड्यात घातला, दाब दिला. काटा चढला तसं पोट बसलं आन् मासा सरळ झाला. कल्लं हलायला लागलं. मी बी वर गेले. काचेतनं त्यो माझ्याकडंच बघत व्हता, निवांत, घरी असल्यागत.

मॅडमचा हात दाब सोडायच्या कळीवर व्हता. पन त्या फिरवंनात.

"सरा," म्हनलं मी. "मला दावा कशी फिरवायची."

त्यांनी दावली. मी फिरवली. फस्सकन आवाज झाला, काच लालभडक झाली, मग हळूहळू निवळली आन् आतलं दिसलं. मालक बादली घेऊन तसंच उभं, डोळ्याला धार लागलेली.

"बगत काय बसलाय?" मी म्हनलं. "चला खाली. दुसरा काढते."