पोटात राहिलेला बार

मी एक जुनी ठासणीची बंदूक आहे. ठासणीची म्हणजे काय, हे तुमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. मला काडतूस चालत नाही. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, वर काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा काथ्या, आणि हे सगळं लांब लोखंडी गजानं ठासायचं. एका बारासाठी एवढी खटपट. सध्या मी पोलिसांच्या मुद्देमालाच्या खोलीत उभी आहे. गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी आहे आणि नळी फुटलेली आहे. सोमवारी मला कापून भंगारात टाकायचा हुकूम झाला आहे. मित्रांनो, म्हणून जे सांगायचं ते आजच सांगते.

माझा जन्म उदगीरचा, निजामाच्या राजवटीतला. घडवणारे कारागीर मोठे कडक होते. त्यांनी माझ्या गजावर एक खाच पाडली होती. रिकाम्या नळीत गज सोडला की ती खाच बरोबर माझ्या तोंडाशी येई. खाच चार बोटं वर राहिली, तर समजायचं की आत बार भरलेला आहे. वरून बघून भरलेली बंदूक आणि रिकामी बंदूक ओळखू येत नाही. ती खाच म्हणजे माझी जीभच होती म्हणा ना.

मला निलंगा तालुक्यातल्या एका शेतकरी घराण्यानं विकत घेतलं. पिकांच्या राखणीसाठी रीतसर परवाना होता. तिसऱ्या पिढीत मी संगप्पांच्या हाती आले. गळ्यात लिंग असलेला माणूस, मुंगीसुद्धा वाचवून पाय टाकायचा. अशा माणसाच्या खांद्यावर बंदूक बघून लोक हसायचे. संगप्पा रानडुकरांच्या डोक्यावरून, मुद्दाम उंच बार काढत. छर्रे ज्वारीच्या पानांवर सरसर पडले की डुकरं पळ काढत. गावात थट्टा व्हायची की संगप्पांची बंदूक शाकाहारी आहे. मला तिचा राग नव्हता. उलट अभिमानच होता. इतक्या वर्षांत माझ्यामुळे रक्ताचा एक थेंब सांडला नव्हता.

दर खंडेनवमीला उमाबाई, म्हणजे संगप्पांची बायको, मला हळदकुंकू वाही. त्याआधी उदगीरहून निजामोद्दीन येत. मला घडवणाऱ्या कारागिरांचे हे नातू. माझं तेलपाणी करताना ते संगप्पांना दर वर्षी तेच सांगत, "पहिले गज टाकायचा पाटील, मग बाकी सगळं." त्यांचा मुलगा रुद्रेश जन्मला तेव्हा संगप्पांनी अंगणात माझा नुसत्या दारूचा बार काढला होता. त्या आवाजानं बाळ दचकून रडलं आणि आत खाटेवर उमाबाई हसली. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस.

मग १९९३चं साल आलं. रुद्रेश सातवीत होता. गणपती विसर्जनाच्या दिवशी संध्याकाळी संगप्पांनी मला भरलं. पहाटे रानात जायचं होतं. हवेत ओल होती, म्हणून घोडा आपटताच ठिणगी पाडणारी टोपी जिच्यावर बसते, त्या बोंडीवर त्यांनी मेण लावलं. मला खुंटीला टांगताना ते उमाबाईला म्हणाले, "भरून ठिवलीय बरं का. कुनी हात लावू नका."

ती चूल सारवत होती. "हाव," म्हणाली.

पहाट झाली, पण संगप्पांना ती दिसली नाही. भूकंप झाला आणि दगडमातीच्या भिंती वरच्या मातीच्या माळवदासकट खाली आल्या. उमाबाई आणि रुद्रेश अंगणात झोपले होते, ते वाचले. संगप्पा आत होते. तिसऱ्या दिवशी ढिगाऱ्यातून मला काढलं. लाकडी दस्त्याला चीर गेली होती, नळी शाबूत होती. गज मात्र सापडला नाही.

निजामोद्दीन भेटायला आले तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये उमाबाई मला मांडीवर घेऊन बसली होती. ते हळूच म्हणाले, "वहिनी, परवाना पाटलांच्या नावचा होता. आता ही ठाण्यात जमा करून टाका."

"घर गेलं, मानूस गेलं," ती म्हणाली. "त्यांच्या हातची येवढी येक वस्तू ऱ्हायली, भाईजान. ती बी दिऊ म्हनता?"

त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. तिनं मला गोधडीत गुंडाळलं. पुढं नवं गाव वसलं, सिमेंटची घरं मिळाली आणि मी माळ्यावर गेले. खंडेनवमीची पूजा थांबली, तेलपाणी थांबलं. नळीला आतून गंज खाऊ लागला. आणि त्या गंजाच्या तळाशी संगप्पांनी ठासलेला बार तसाच होता. ती संध्याकाळ, ती खुंटी, ते एक वाक्य, सगळं उमाबाईच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं. जिचं अख्खं घर डोळ्यांदेखत खाली बसलं, ती एक वाक्य विसरली तर तिला काय बोल लावणार?

रुद्रेश हुशार निघाला. दहावीनंतर लातूरला गेला. तेव्हा लातुरात गल्लोगल्ली क्लासेस उघडत होते आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून पोरं येऊन खोल्या करून राहत होती. उमाबाई एसटीनं त्याच्यासाठी डबा पाठवी. तो घरी आला की अंगारा लावताना ती एकच म्हणे, "ढिगाऱ्यातनं काढलेल्या मान्सांला वाचवनारा डाक्टर हो बाबा."

१९९९च्या पावसाळ्यात त्याचा मेडिकलला नंबर लागला. उमाबाईनं घरोघर पेढे दिले आणि परत येऊन मला माळ्यावरून खाली काढलं.

"तुज्या जन्माला त्यांनी बार काढला हुता," ती रुद्रेशला म्हणाली. "आज ते असते तर काढलाच असता. तू काढ."

तो उदगीरला जाऊन आला. निजामोद्दीन आता थकले होते. त्यांनी आनंदानं पुडीभर दारू आणि दोन टोप्या दिल्या, छर्रे दिले नाहीत. आल्यावर रुद्रेशनं आईला सांगितलं, "चाचा म्हनले, पहिले गज टाक."

आणि पोरानं ते ऐकलं हो. माझा गज नव्हता, म्हणून त्यानं घराच्या बांधकामातली उरलेली एक सळई कापून आणली. ती माझ्या नळीत सोडली. सळई खाली गेली आणि थांबली. "टेकली तळाला," तो म्हणाला. ती तळाला नव्हती टेकली. ती संगप्पांच्या बारावर टेकली होती. पण त्या सळईला खाच नव्हती.

मी काय करणार होते? बंदुकीला एकच आवाज असतो, आणि तो निघाला की सगळं संपलेलं असतं. त्यानं बोंडीवरचं मेण सुईनं काढलं. दारू ओतली. क्लासच्या सराव परीक्षेचा एक कागद चुरगळून बोळा केला आणि ठासला. डावा हात नळीखाली धरून मला आभाळाकडं रोखलं. उमाबाई पदर सावरून दारात उभी होती, तोंडभर हसत.

दोन्ही बार एकदम पेटले. माझी नळी फुटली, ती नेमकी त्याच्या डाव्या पंजाखाली. तीन बोटं गेली. इतक्या वर्षांत न सांडलेलं रक्त मी माझ्याच घरात सांडलं.

त्याला घेऊन जीप गेली. प्रवेशाची तारीख उलटली तेव्हा तो दवाखान्यात पडून होता. नंतर कुणी काय काय समजावलं, पण डॉक्टर व्हायला तो पुन्हा गेला नाही.

पंचनाम्याच्या आधी उमाबाई अंगणातलं रक्त धुवायला आली. गोठ्याचा पत्रा छर्र्यांनी चाळणी झाला होता, खाली फरशीवरही छर्रे पडले होते. तिनं एक उचलला. हातात घेऊन बघत राहिली. रुद्रेशनं छर्रे घातलेच नव्हते, हे तिला माहीत होतं. 'भरून ठिवलीय बरं का' हे विसरलेलं वाक्य सहा वर्षांनी तिला आठवलं.

विनापरवाना बंदूक बाळगल्याच्या खटल्यात मला ओळखायला तिला बोलावलं, तेव्हा तिनं माझ्या फुटक्या नळीवरून हात फिरवला. "त्यांनी सांगितलं हुतं गं मला," ती पुटपुटली. हे तिनं फक्त मला सांगितलं. लेकाला ती सांगू शकली नाही. दोन वर्षांनी ती गेली, आणि ते वाक्य घेऊनच गेली. निजामोद्दीननी त्या दिवसापासून दुकान उघडलं नाही, असं इथले हवालदार बोलताना मी ऐकलं. आणि रुद्रेश कोर्टात एवढंच म्हणाला, "चूक माझी हाय. मी नीट बघितलं न्हाई."

मित्रांनो, वाडवडिलांची वस्तू जपायची असेल तर तिची रीतही जपा, आणि रीत जपता येत नसेल तर वस्तू सोडून द्या. एवढं तर कुणीही सांगेल. माझी विनंती वेगळी आहे. तुमच्यापैकी पुष्कळजण शिकायला लातूरला जाल. हवालदार सांगतात, तिथं एका क्लासमध्ये जीवशास्त्राचे सर डावा हात कायम खिशात ठेवून शिकवतात. त्यांची पोरं दरसाल डॉक्टर होतात. ते तुम्हाला भेटले, तर माझा एक निरोप द्या. म्हणावं, सर, तुम्ही गज टाकला होता. मी पाहिलं आहे.