सोवळ्यातल्या हाताला लागलेलं कुंकू

मी एक जुना हात आहे, मित्रांनो. नुसता हात. मला धड नाही, डोकं नाही आणि पाय तर नाहीतच. खांद्यापासून तळव्यापर्यंत मोजलंत तर जेमतेम दोन फूट भरेन. पनवेलच्या तुमच्या या तंत्रविद्यालयाच्या व्हरांड्यात मला लाकडी टेबलावर बोल्टांनी पक्कं बसवलंय. जाता-येता तुम्ही माझा तळवा वरखाली करून बघता आणि मग त्याच बोटांनी बटाटावडा खाता. पहिल्या दिवशी ते पाहून मी हबकूनच गेलो होतो. का, ते कळायला माझी हकिगत ऐकावी लागेल.

माझा जन्म परदेशातला. एक्क्याण्णव साली लाकडी खोक्यात बसून मी न्हावा शेव्याच्या बंदरात उतरलो आणि ट्रकने गव्हाण फाट्यावरून हादरे खात पनवेलबाहेरच्या एका लहानशा कारखान्यात आलो. तिथे सिलिकॉनच्या गोल चकत्यांवर रेडिओ-टेलिफोनमध्ये लागणारे इवले इवले भाग घडवत. त्या चकत्यांना सगळे वेफर म्हणत. बटाट्याचे नव्हेत, हसू नका! तळहाताएवढी लखलखीत चकती, आणि इतकी पातळ की जरा धक्का लागला तर तिचे तुकडे. एका डब्यात पंचवीस कप्पे, दर कप्प्यात एक चकती. ती अलगद उचलून भट्टीच्या तबकात ठेवायची आणि भाजून झाली की परत आणायची, एवढंच माझं काम. माझ्या सपाट तळव्याला बारीक भोकं आहेत बघा. त्यांतून हवा ओढली की चकती तळव्याला चिकटून राहते.

आमच्या खोलीतलं सोवळं कुठल्याही देवघराहून कडक होतं. आत यायचं तर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा अंगरखा, टोपी, तोंडावर फडकं, हातमोजे. पावडर नाही, अत्तर नाही. हवासुद्धा गाळून वरून खाली सोडलेली. कारण धुळीचा एक कण चकतीवर बसला की तिथला भाग कायमचा बाद. मला वाटायचं, जगात सगळीकडे असंच असणार.

माझ्याआधी हे काम कुमुद करायची. गव्हाणची बाई, अठ्ठ्याऐंशी सालापासून कारखान्यात. चिमट्याने चकती उचलताना ती श्वास रोखून धरायची आणि तिच्या हातून वर्षाला एखादीच फुटायची. मी आलो तेव्हा तिने मला खांद्यापासून तळव्यापर्यंत न्याहाळलं.

"ह्यो माझ्या पोटावर पाय द्यायला आला काय?" तिने विचारलं.

"पाय कुठे आहेत त्याला?" शमुएलकाका म्हणाले. "तूच त्याला शिकवायचंस."

शमुएलकाका पेणकर म्हणजे आमचे देखभालीचे मुख्य. कोकणातले बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू, साठीकडे झुकलेले. दर आठवड्याला ते माझ्या मनगटाचं झाकण उघडून वंगण घालत. त्या झाकणाच्या चार स्क्रूंना लागणारा पाना फक्त त्यांच्या खिशात असे. स्वच्छतेच्या बाबतीत तर त्यांचा दरारा असा की, आत कुणी शिंकलं तर ते त्याला हाताला धरून बाहेर काढत.

कुमुदने मला खरोखरच शिकवलं. आमचे साहेब, निनाद, बटणं दाबून मला हलवायचे आणि ती डोळा बारीक करून सांगायची, "अजून केसभर खाली. आता थांबवा." तिच्या त्या केसभरावर मी पुढे सात वर्षं चाललो, आणि ती माझ्याशेजारी डबे लावायला राहिली.

एकदा काम करता करता तिने सांगितलेली गोष्ट ऐकून मात्र मी सुन्न झालो. खोलीत कुंकू चालत नाही. त्यामुळे ती रोज सकाळी गेटवर, रखवालदार दाजींच्या छोट्या आरशासमोर, ओल्या रुमालाने कपाळ पुसून मगच आत यायची.

"सासूला पयल्यांदा कळलं, तवा ती दोन दिवस जेवली नाय," कुमुद म्हणाली. "नवरा धडधाकट हाय आणि सून कुकू पुसते! पण घरी जाताना मी परत लावते. काम ते काम."

माझ्या एका तळव्यासाठी कुणीतरी रोज एवढं करत होतं, आणि मला त्याचा पत्ताच नव्हता!

आता ऐका चौऱ्याण्णव सालच्या खंडेनवमीचं. त्या दिवशी कारखान्यातल्या झाडून सगळ्या यंत्रांची पूजा होते. काचेच्या भिंतीपलीकडे मला दिसत होतं, हवेच्या कॉम्प्रेसरला झेंडूचा हार घातला होता, नारळ फोडला होता, हळदकुंकू लावलं होतं. कुमुद आतून काचेशी उभी राहून बघत होती.

"कॉम्प्रेसरला नारळ, ट्रकला हार, दाजींच्या सायकलला पण कुकू," ती शमुएलकाकांना म्हणाली. "आणि ह्यो वरीसभर राबतो, ह्याला कायच नाय. बरं नाय वाटत, काका."

काकांनी कॉम्प्रेसरवरच्या हाराकडे एकवार बघितलं. पुढच्या महिन्यात ते बायकोला, रोझीमावशींना घेऊन इस्राएलला कायमचे जाणार होते. इथला हा त्यांचा शेवटचा दसरा होता.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ते एकटेच आत आले. वंगणाचा दिवस होताच. त्यांनी माझ्या मनगटाचं झाकण उघडलं, नेहमीसारखं वंगण घातलं. मग हातमोजा काढला. मित्रांनो, त्या खोलीत मी उघडं बोट कधी पाहिलं नव्हतं! त्या बोटाच्या टोकाला कुंकू होतं. त्यांनी ते झाकणाच्या आतल्या बाजूला हलकेच टेकवलं, एक गोल ठिपका उमटला.

"कुमुदच्या वतीने," ते पुटपुटले. "निघायच्या दिवशी सांगेन तिला. खूश होईल."

मग त्यांनी झाकण लावलं, चारही स्क्रू पिळले आणि ते निघून गेले. मी थिजलो होतो. शिंकणाऱ्याला बाहेर काढणारे शमुएलकाका! आणि ज्यांच्या घरी यंत्राची काय, मूर्तीचीही पूजा होत नाही, ते! राग यावा की भरून यावं, मला कळेना. झाकणाच्या आत आहे, बाहेर कसं येणार, असं त्यांना वाटलं असावं. मलाही तसंच वाटलं.

पण मनगट म्हटलं की ते वळणारच. मी दिवसाला शेकडो वेळा वळत होतो आणि दर वळणाला झाकणाच्या फटीतून कुंकवाचे कण झिरपत होते. वरून येणारी ती गाळलेली हवा ते कण थेट खालच्या चकत्यांवर नेऊन बसवत होती. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. मी आपला मोठ्या ऐटीत माझ्याच हाताने एकेक चकती नासवत होतो.

तीन दिवसांनी निनादसाहेब सूक्ष्मदर्शकातून डोकं वर काढून ओरडले, "चार डबे! पूर्ण शंभर वेफर्स रिजेक्ट! हे लाल काय आहे? बघा, काका, तुम्हीच बघा."

काका भिंगात वाकले आणि तसेच वाकून राहिले.

"कुंकू आहे हे," साहेब म्हणाले. त्यांची नजर कुमुदवर गेली. आत येणाऱ्यांत कुंकू लावणारी ती एकटीच होती. "कुमुदताई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. इतका सिंपल रूल आहे."

कुमुद हातातला डबा ठेवून पुढे आली. "मी नाय, साहेब! सहा वर्सं मी गेटवर पुसून येते. दाजींना इचारा. काका, तुमी सांगा की. तुमाला ठाऊक हाय."

मित्रांनो, मी वाट पाहिली. काका आता तोंड उघडतील, आता उघडतील. ते जमिनीकडे बघत राहिले! मला बसलेल्या धक्क्यांत हा सगळ्यांत मोठा. मला तोंड असतं तर मी कारखाना डोक्यावर घेतला असता.

"चौकशी होईपर्यंत घरी थांबा," साहेब म्हणाले. "चौकशीत सिद्ध झालं, तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही."

कुमुद टोपी काढत काढत गेली. जाताना माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही तिने. पोटावर पाय देणारा शेवटी मीच ठरलो.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला मी अर्ध्यावर अडकलो. मी मुद्दाम केलं असं म्हणायला मला आवडेल, पण खोटं कशाला बोलू? कुंकवाची भुकटी मनगटाच्या आतल्या सेन्सरवर साचली होती आणि आपला हात कुठे आहे हेच मला कळेनासं झालं होतं. काका पाना घेऊन आले. साहेब काचेपलीकडे पाठमोरे, फोनवर बोलत होते.

झाकण निघालं. ठिपका आता विस्कटला होता, पण बोटाचा गोल अजून ओळखू येत होता. काकांनी स्पिरिटमध्ये फडकं भिजवलं. एकदा फिरवलं की संपलं! पुढे कुणाला, कधीच, काही कळलं नसतं. कुमुद घरी बसली असती आणि काका विमानात. मी जिथे अडकलो होतो तिथूनच त्यांच्या हातातलं फडकं बघत होतो.

त्यांनी फडकं झाकणाजवळ नेलं. मग हात मागे घेतला आणि काचेवर टकटक केलं.

"निनाद, आत या."

आत यायचं म्हणजे अंगरखा, टोपी, मोजे, हात धुणं. दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं काका ओलं फडकं हातात धरून उभे होते. कितीदा तरी त्यांचा हात हलला. मी म्हणत होतो, आता पुसणार, आता पुसणार. साहेब आत आले तेव्हा ठिपका होता तसाच होता.

"हे माझं बोट," काका म्हणाले. "खंडेनवमीला मी लावलं. हा पाना दुसऱ्या कुणाकडे नाही. कुमुदचं कपाळ त्या दिवशीही पुसलेलंच होतं."

साहेबांनी वाकून ठिपका पाहिला. "काका, तुम्ही? मग काल गप्प का राहिलात?"

"तिकडच्या कारखान्यासाठी तुमचं शिफारशीचं पत्र हवं होतं. स्वच्छतेच्या कामात मी चोख आहे, असं." काकांनी ओलं फडकं खाली ठेवलं. "भीती वाटली मला. या वयात लाज वाटावी इतकी. पत्र नका देऊ. कुमुदला तेवढं बोलवा."

दुसऱ्या दिवशी कुमुद आली. सोवळ्याचा सगळा साज चढवून माझ्यासमोरच ती काकांशी बोलली. तोंडावर फडकं होतं, तरी डोळे दिसत होते.

"तुमी कुकू लावलंत त्याचं मला काय नाय वाटलं. मायेनं लावलंत. पण मी तुमच्याकडं बघत होते, काका. तुमी खाली बघितलंत."

काकांनी नुसते हात जोडले. मग ती साहेबांकडे वळली.

"साहेब, पत्र द्या त्यांना. पण खरं लिवा."

साहेबांनी लिहिलं. शेवटी एक ओळ होती, ती काकांनी तिथेच वाचून दाखवली: 'सतरा वर्षांत एकदा चुकले, आणि ती चूक पुसून टाकता येत असताना त्यांनी स्वतःहून दाखवली.' पुढे त्यांना काम मिळालं, असं रोझीमावशींच्या पत्रात आल्याचं कुमुदकडून कळलं.

अठ्ठ्याण्णव साली कारखाना बंद झाला. गाळलेली हवा थांबली, माझी वीज कापली. मला तुमच्या विद्यालयाला देऊन टाकलं होतं, आणि सामान हलवायच्या दिवशी दार सताड उघडं होतं. त्या दारातून कुमुद आत आली आणि मला शेवटचा धक्का बसला. अंगरखा नाही, टोपी नाही, पायात चपला, आणि कपाळावर चांगलं रुपयाएवढं कुंकू! तिला त्या वेशात मी प्रथमच पाहत होतो. तिने पदराखालून कुंकवाची कोयरी काढली आणि माझ्या मनगटावर, या वेळी बाहेरून, बोट टेकवलं.

"आता कोण काय बोलत नाय तुला," ती म्हणाली.

मित्रांनो, माझा तळवा तुम्ही खुशाल हलवा. आता चकत्या नाहीत, वडा खाल्लेल्या बोटांचंही मला काही वाटत नाही. पण ज्याच्यावर माया कराल त्याला काय सोसतं, ते आधी बघत जा. आणि हातून चूक झालीच, तर ओलं फडकं हातात असतानाच सांगून टाका. माझ्या मनगटावर तो लाल ठिपका दिसतो ना? रंगाचा डाग समजून तो पुसू नका. कुमुदने तिचा दहा वर्षं रोज पुसला.