पाणी आलं की रुसणारा कीबोर्ड

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे, आणि तोही बिनशेपटीचा. माझ्या भाईबंदांना संगणकाशी बांधून ठेवणारी वायर असते, मला नाही. माझ्या पोटात दोन सेल असत आणि संगणकाच्या डब्याला पुढून माझा नखाएवढा जोडीदार खोचलेला असे. त्याला डोंगल म्हणतात. मी हाक मारायची, त्याने ओ द्यायची, की पडद्यावर अक्षर उमटायचं. आज मी माळ्यावर रिकाम्या पोत्यांशेजारी पडून आहे. असं का झालं ते सांगतो. बोलताना माझा राग दिसेल, तेवढा सोसून घ्या.

आमची गाठ कारखान्यातच मारली होती. ह्या डोंगलने माझंच ऐकायचं आणि मी त्यालाच हाक मारायची. विश्वंभर नावाच्या शेतकऱ्याने हिंगोलीला हळद विकली आणि परतताना एक जुना संगणक आणि आम्हा दोघांना घेतलं. साखऱ्याजवळच्या त्याच्या गावी आम्ही एसटीच्या टपावर नाही, चांगले मांडीवर बसून गेलो.

ही खरेदी त्याच्या बायकोसाठी होती. राजनंदिनी पदवी घेऊन सहा वर्षं घरीच होती. सेनगावच्या एका शाळेत कारकुनाची जागा निघणार होती, आणि मराठी टायपिंगचं प्रमाणपत्र आणलं तर ती तिला मिळणार होती. मिनिटाला तीस शब्द. त्या कागदाची तिला किती आस होती, ते तिच्या बोटांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. माझ्या अंगावर मराठी अक्षरं नव्हती. तिने बारीक कात्रीने चिकटपट्ट्या कापल्या, एकेक कळ पुसली, आणि क, म, र, ल असं सगळं गोत माझ्या अंगावर बसवलं. मग हात फिरवून म्हणाली, "आता तू अन् मी. दगा देऊ नको रे बाबा."

मी दगा दिला नाही, मित्रांनो. भाकऱ्या थापून झाल्या की ती माझ्यापुढे बसायची. कधी बोटांना पीठ लागलेलं असायचं, तेही मी गोड मानून घेतलं. मिनिटाला आठ शब्दांवरून ती सोळावर गेली, सोळावरून बावीसवर. बहिणीला फोनवर सांगायची, "माझा कीबोर्ड लई गुणाचा हाय." दसऱ्याला तिच्या सासूने, मंजुळाबाईंनी, विळा-कोयत्याच्या पंगतीत मलाही बसवलं आणि हळदकुंकू लावून झेंडूचं फूल वाहिलं. मी अगदी फुगून गेलो होतो.

मग उन्हाळा लागला आणि नळाला चार दिवसांआड पाणी येऊ लागलं. पाणी आलं की मंजुळाबाई घरातलं प्रत्येक भांडं भरून घ्यायच्या. हंडे, घागरी, कळशा ठेवायला थंड भिंत एकच होती, आणि त्याच भिंतीला दोन विटांवर संगणकाचा डबा उभा होता. त्याच्यापुढे भरलेले हंडे दोन थरांत लागायचे. पाणी सरेल तसा एकेक हंडा घासून अंगणात पालथा पडायचा.

अशाच एका सकाळी राजनंदिनीने 'महोदय' लिहिलं आणि पडद्यावर नुसतं 'मद' उमटलं. पुढच्या ओळीला तेही नाही. मी घसा फोडून ओरडत होतो आणि तिकडून ओ येत नव्हती. आयुष्यभर ज्याने माझंच ऐकायचं, तोच बहिरा झाला होता. मी त्याला काय काय बोललो ते लहानांपुढे सांगण्यासारखं नाही.

मग माझ्यावर इलाज सुरू झाले. सेल पदराला घासले, ओट्यावर उन्हात ठेवले, नवे आणले. संगणक बंद करून चालू केला. हंडे बाजूला सरकवून डोंगल उपसला, फुंकर मारली, परत खोचला, की मी लगेच चालू! सगळे खूश. हंडे जागेवर गेले की मी पुन्हा बंद. घरभर एकच मत झालं, ह्याला फुंकर लागते. मंजुळाबाई म्हणाल्या, "दृष्ट लागली असंल लेकराला," आणि त्यांनी माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. चुलीत तडतड झाली, मी होतो तिथेच राहिलो.

शेवटी राजनंदिनी आम्हा दोघांना पिशवीत घालून हिंगोलीला रत्नपालच्या दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेली. त्याने आपल्या संगणकाला डोंगल लावला आणि मी असा धावलो की तो हसायलाच लागला.

"ह्याला काहीच झालं न्हाई, वहिनी. बघा, कसा पळून राहिला!"

आम्ही घरी आलो. त्या दिवशी नळाला पाणी येऊन गेलं होतं.

"दुकानात बराबर चालतो अन् घरी आला की नाटकं करतो!" राजनंदिनीने मला आपटलं. परीक्षा नऊ दिवसांवर आली होती आणि तिचा सराव अठ्ठावीस शब्दांवर अडला होता. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी पाहिलं. पण ती पुढे म्हणाली, "दगाबाज हाय हा. घ्या दुसरा."

कळा झिजल्या तेव्हा मला दुखलं नव्हतं, त्या शब्दाने दुखलं. विश्वंभर दुसऱ्या दिवशी वायरचा कीबोर्ड घेऊन आला. माझ्या पोटातले सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात घातले. तेही एक वेळ चाललं असतं. पण राजनंदिनीने नखाने माझ्या अंगावरच्या चिकटपट्ट्या एकेक करून सोलल्या आणि त्या नव्याच्या अंगावर चिकटवल्या. मग मला माळ्यावर ठेवलं.

ती पास झाली. बोटं शिकली माझ्यावर आणि पेढा ठेवला त्या नव्यापुढे. मी वरून बघत होतो.

नोकरीवर जायच्या पहिल्या दिवशी नळाला पाणी आलं. मंजुळाबाई हंडे लावता लावता सहज म्हणाल्या, "नवा गुणाचा हाय माय. त्यो जुना पाणी आलं की रुसायचा. पाणी सरलं की आपला चालायचा."

राजनंदिनी वेणी घालता घालता थांबली. "आत्याबाई, तवाच काहून न्हाई सांगितलं?"

"मला कोन इचारलं? तुमी शिकलेली माणसं, सेल बदलून राहिले व्हते. मी म्हणलं, माझं ऐकंल कोन?"

राजनंदिनी भरलेल्या हंड्यांकडे बघत राहिली, मग त्यांच्यामागच्या संगणकाकडे. तिला उमगलं. आणि त्याच वेळी मलाही उमगलं. माझी हाक धातूतून आणि पाण्यातून पलीकडे जातच नव्हती. डोंगल बहिरा नव्हता. हंड्यांच्या पलीकडे तोही माझी वाट बघत होता.

तिने मान वर करून माळ्याकडे पाहिलं, सरळ माझ्याकडे. मला वाटलं, आता ही स्टूल आणणार.

"जाऊ द्या," ती म्हणाली, "आता वायरचा आलाय." आणि पिशवी उचलून सेनगावची गाडी धरायला गेली.

मित्रांनो, एखादी वस्तू चालेनाशी झाली, किंवा एखादं माणूस ओ देईनासं झालं, तर त्याला दगाबाज म्हणण्याआधी दोघांच्या मध्ये काय उभं आहे ते बघा. आणि घरात जे बोलत नाही, त्यालाही एकदा विचारा.

मला मात्र आता एकच घोर आहे. डोंगलला तिथून कुणी काढलंच नाही. चौथ्या दिवशी हंडे अंगणात पालथे पडतात, भिंत मोकळी होते आणि मला त्याचा बारीक दिवा लुकलुकताना दिसतो. तो मलाच शोधतो आहे. आता आमच्यामध्ये पाणी नाही, काहीच नाही, तरी मी गप्प आहे. मी त्याच्याबद्दल जे समजलो, तेच तो आता माझ्याबद्दल समजत असेल. साखऱ्याकडे कधी आलात तर त्या घरी थांबा आणि त्याला एवढंच सांगा, मी रुसलेलो नाही. माझ्या पोटात सेल नाहीत.